रहाटपाळणा, फुलराणी आणि उसने बालपण : एक दीर्घ धागा

गेल्या रविवारी आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप समूहावर माझ्या मामेबहिणीने एक चित्र टाकले. हा समूह भावाच्या लग्नासाठी काढलेला आणि लग्नानंतरही न मिटलेला. त्यामुळे त्यात आईकडचे दौंडकर आणि वडिलांकडचे शिरूरकर एकत्र नांदतात. मामेबहीण दौंडची, चाळिशीच्या उंबरठ्यावरची, सध्या हिंजवडीत नोकरीला. चित्रात चार चौकटी होत्या : 'जंगल बुक'मधला मोगली, नाण्यांच्या राशीत सूर मारणारा अंकल स्क्रूज, जुन्या रंगीत छायाचित्रातला डिस्नेलँडचा किल्ला आणि गोराईच्या एस्सेलवर्ल्डचे प्रवेशद्वार. खाली ओळ : 'आमचे बालपण परत द्या.'

तासाभरात पुष्कळ अंगठे आणि अश्रू ढाळणारे चेहरे जमा झाले. मग शिरूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने, जी एरवी सुप्रभात आणि पंचांग यांपलीकडे काही पाठवत नाही, एकच ओळ लिहिली : 'ह्यात आमचं कायच नाही. रहाटपाळणा कुठंय?'

समूहात त्यावर हशा झाला आणि विषय बदलला. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. आजचा धागा त्या एका ओळीसाठी आहे. नेहमीपेक्षा लांब आहे, तेव्हा वाचकांनी चहा घेऊन बसावे.

आधी शब्दाविषयी. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझल येथील आपल्या प्रबंधासाठी घडवला. ग्रीक 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून दूर गेलेल्या स्विस तरुणांना जडणारा तो एक रोग, अशी त्याची मांडणी होती. पुढे भाडोत्री सैनिकांच्या संदर्भात तो विशेष गाजला. मराठीने या कल्पनेसाठी 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यातली वेदना गळाली आणि तिच्या जागी रंजन आले. रंजनाचा मूळ अर्थ रंगवणे असाही आहे. म्हणजे स्मरणाला रंग देणे. तो रंग कोणी दिला आणि कोठून आणला, हे विचारणे आमच्या विषयाचे काम आहे. म्हणून मामेबहिणीच्या चारही चौकटी एकेक करून खरवडून पाहू.

प्रथम किल्ला. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे उघडले. आज जगभर लोक त्या आरंभीच्या डिस्नेलँडची जुनी छायाचित्रे, नकाशे आणि तिकिटे जमवतात, त्यांवर हळहळतात. परंतु हे उद्यान उघडले त्या दिवशीच ते एक स्मरणरंजन होते. प्रवेशद्वारातून आत जाताच लागणारा 'मेन स्ट्रीट' हा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी गावाचा रस्ता होता आणि त्याच्यामागे वॉल्ट डिस्ने यांच्या मनातले मिसूरी राज्यातील मार्सलीन हे गाव होते. १९०१ मध्ये जन्मलेले डिस्ने वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास तेथे गेले आणि जेमतेम पाच वर्षे राहिले. मार्सलीन हे काही पुराणपुरुषांचे गाव नव्हे. सांता फे रेल्वेने आपल्या सोयीसाठी वसवलेले ते रेल्वेचे गाव. त्यांचे एक नातलग त्या रेल्वेवर इंजिनचालक होते. म्हणूनच डिस्नेलँडच्या दारातच रेल्वेस्थानक आहे आणि साऱ्या उद्यानाभोवती वाफेची गाडी फिरते.

आता हे दौंडकरांनी पुन्हा एकदा वाचावे. मुंबई-सोलापूर मार्गावरचे दौंड १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाल्यावर जंक्शन झाले आणि गावाचे रूप रेल्वेनेच ठरवले. माझे आईकडचे आजोबा तेथे रेल्वेत होते. वाफेच्या इंजिनांचा काळ त्यांनी पाहिला होता, आणि रात्री शंटिंगचा आवाज आला नाही तर त्यांना झोप लागत नसे. त्यांची नात आज ज्या किल्ल्यासाठी हळहळते, त्या किल्ल्याच्या पायथ्याशी एका अमेरिकी मनुष्याने आपले दौंड उभारून ठेवले आहे. तिचे स्वतःचे दौंड मात्र तिच्या चौकटीत नाही. मी हे तिला फोनवर सांगितले. ती म्हणाली, 'अरे, दौंडमध्ये बघण्यासारखं काय होतं?' मार्सलीनमध्ये तरी काय होते!

दुसरी चौकट मोगलीची. ९०च्या दशकातील रविवार सकाळ म्हटली की हाच पोरगा आठवतो, आणि तो डिस्नेचा आहे असे निम्म्या तरी लोकांना वाटते. डिस्नेचा 'जंगल बुक' हा चित्रपट १९६७चा, तो निराळा. दूरदर्शनने १९९३ पासून दाखवलेली मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ मध्ये काढलेली. हिंदी अवतारासाठी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांचे, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. मूळ कथा लिहिणारे किपलिंग मुंबईत जन्मले, हा आणखी एक वळसा. इंग्रज लेखक, जपानी चित्रकार, उर्दू वळणाचा कवी आणि मुरुड-जंजिऱ्याकडचा नट, यांनी मिळून घडवलेला तो वाघ दौंडच्या मुलांनी पाहिला आणि स्मृतीने त्यावर सरसकट डिस्नेचा शिक्का मारला. स्मृती नावे टिपताना आळशी असते. जे नाव बाजारात मोठे, तेच ती उचलते. अंकल स्क्रूज मात्र खरोखर डिस्नेचाच, त्याबद्दल वाद नाही.

आता आत्याकडे वळू. तिचा जन्म १९५८चा. तिने आयुष्यात पहिले कार्टून कोठे पाहिले असेल? मी तिला विचारले, तेव्हा ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, 'जत्रेत. तंबूत. पिच्चरच्या आधी.'

येथे थोडे थांबावे लागेल, कारण आपल्याकडील ॲनिमेशनचा खरा इतिहास या तीन शब्दांत दडला आहे.

होळी झाली, रब्बीचे रान मोकळे झाले की शिरूर आणि दौंड तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. यात्रेच्या मोकळ्या माळावर तमाशाच्या कनातीशेजारी फिरत्या सिनेमाचा तंबू लागे. प्रक्षेपक मालमोटारीवर, पडदा कापडी, प्रेक्षक जमिनीवर, बायका एका अंगाला आणि पुरुष दुसऱ्या. जनित्राचा आवाज संवादांहून मोठा. अशा चित्रगृहांना १९५३च्या मुंबई सिनेमा विनियमन कायद्याखाली परवाना घ्यावा लागे, आणि परवान्यासोबत एक अट येई : मुख्य चित्रपटापूर्वी सरकारमान्य लघुपट किंवा समाचारपट दाखवावा. हे लघुपट पुरवणारी संस्था म्हणजे १९४८ मध्ये स्थापन झालेले फिल्म्स डिव्हिजन.

या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये कार्टून विभाग सुरू झाला. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स नावाचा चित्रकार मुंबईस आला. तो मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मला होता आणि 'स्नो व्हाइट', 'बाम्बी', 'पीटर पॅन' या डिस्नेपटांवर त्याने काम केले होते. त्याने येथील तरुणांना शिकवले. त्यांत गो. के. गोखले होते, राम मोहन होते. जातककथेवरचा 'द बन्यन डियर' हा लघुपट १९५७ मध्ये याच प्रशिक्षणातून निघाला. राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे पितामह म्हणून ओळखले गेले. युगो साको यांच्या जपानी-भारतीय 'रामायण' चित्रपटातही त्यांचा मोठा वाटा होता. तो चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये चित्रगृहांत पुन्हा लागला, तेव्हा माझ्या वर्गातील मुलेमुली डोळे पुसत बाहेर आली. त्यांतल्या बहुतेकांचा जन्म चित्रपटाच्या नंतरचा.

म्हणजे पाहा : डिस्नेच्या टेबलावर तयार झालेला हात मुंबईत आला, त्याने शिकवलेल्या मंडळींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारसाठी कार्टून काढली आणि ती कार्टून परवान्याच्या अटीपोटी शिरूरच्या माळावरील तंबूत पोहोचली. आत्याच्या पिढीपर्यंत डिस्ने असा आला, नाव न सांगता, सरकारी गणवेश घालून.

आणि तो काय सांगत होता? आत्याला शीर्षक आठवत नाही. एक गलेलठ्ठ कुटुंब होते, एक सडपातळ कुटुंब होते आणि शेवटी लाल त्रिकोण आला, एवढेच ती सांगते. कुटुंबनियोजनाचा तो त्रिकोण ६०च्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर भिंतीभिंतींवर होता आणि फिल्म्स डिव्हिजनने या विषयावर ॲनिमेशनपट पुष्कळ काढले. दहा वर्षांची आत्या आणि तिच्या मैत्रिणी खो खो हसल्या. मागे बसलेल्या बाया पदराआड हसल्या. पुरुषांच्या बाजूने कोणी काही अचकट बोलले. पुढे आणीबाणीत हाच त्रिकोण सक्तीच्या शस्त्रक्रियांची खूण झाला, तेव्हा गावातील पुरुषमाणसे शिबिराची गाडी आली की ज्वारीच्या रानात पळत. 'आधी कार्टून दावलं, मग माणसं पळवली,' हे तिचे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे. कार्टून म्हणजे निरागस बालपण, हे समीकरण आपल्या भागात केवढे उशिरा आले ते यावरून लक्षात येईल.

मुलांसाठीचे, प्रेमाने आठवले जाणारे सरकारी कार्टून आले ते १९७४ मध्ये : 'एक अनेक और एकता'. फिल्म्स डिव्हिजनचाच लघुपट. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, ॲनिमेशन भीमसैन यांचे. दूरदर्शनने तो इतक्या वेळा दाखवला की चिमण्या जाळ्यासकट उडतात हे दृश्य आज आजोबा आणि नातू दोघांनाही ठाऊक असते. त्याचे संगीत वसंत देसाई यांचे होते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. वसंत देसाई म्हणजे प्रभात फिल्म कंपनीत उमेदवारी करून पुढे आलेले संगीतकार. या लघुपटानंतर वर्षभरातच, डिसेंबर १९७५ मध्ये, त्यांचे निधन झाले.

प्रभातचे नाव निघाले म्हणून सांगतो, कारण याहूनही जुनी एक शाखा आपल्या अगदी शेजारी होती. ॲनिमेशन अमेरिकेतून आले, हे विधान महाराष्ट्रात बसून करताना जरा जपून करावे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९०च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेल्या आकृत्या, त्या हलाव्यात म्हणून केलेल्या युक्त्या आणि सोबत कथन. शंबरासुराच्या मायेवरून घेतलेले ते नाव मला आजही 'ॲनिमेशन'पेक्षा सरस वाटते. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चौकट-चौकट टिपून आपल्या भांडवलदाराची खात्री पटवली, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. त्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या नावाचा, काड्या आपोआप हलताना दाखवणारा लघुपट केला, ही कमी. आणि १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभातने १९३४च्या सुमारास 'जंबूकाका' नावाचे कार्टून काढले, रघुनाथ केळकरांच्या हातचे. जंबुक म्हणजे कोल्हा. मिकी माऊस सहा वर्षांचा असताना पुण्यात एक मराठी कोल्हा पडद्यावर नाचत होता, आणि ते ठिकाण आत्याच्या घरापासून एस.टी.ने दोन-अडीच तासांवर.

'आगकाड्यांची मौज' आज पाहता येत नाही. मूकपटांच्या काळात देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले, त्यांतले जेमतेम काही उरले. प्रभातचा स्टुडिओ आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. जवळच १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ८ जानेवारी २००३ रोजी तेथल्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि शेकडो चित्रपटांच्या प्रती गेल्या, प्रभातच्या मूळ फितीही त्यांत होत्या. नायट्रेटची फीत पेटली की पाण्यालाही जुमानत नाही. डिस्नेची जुनी कार्टून आपण आज भ्रमणध्वनीवर पाहून गहिवरतो, कारण ती जपणे ही कोणाची तरी मिळकत होती. जंबूकाकाच्या मागे तसा वारस उभा राहिला नाही.

आता उद्यानांकडे येऊ. एस्सेलवर्ल्डबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याआधी १९८४ मध्ये दिल्लीत अप्पूघर झाले, १९८२च्या आशियाई खेळांतल्या अप्पू हत्तीच्या नावाने. ते २००८ मध्ये मिटले. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये गोराईला उघडले आणि २०२२ मध्ये बंद झाले. मामेबहिणीची शाळेची सहल तेथे गेली होती. तिला तेथील पाळण्यांपेक्षा होडीचा प्रवास अधिक आठवतो. दौंडच्या मुलांना समुद्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

त्याहून मला मोलाची वाटते ती पुण्याची फुलराणी. पर्वतीच्या पायथ्याशी महापालिकेने १९५३ मध्ये पेशवे पार्क उभारले आणि ८ एप्रिल १९५६ रोजी तेथे मुलांची छोटी आगगाडी सुरू झाली. डिस्नेलँडला तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. या दोन तारखा जवळ आल्या म्हणून त्यांच्यात नाते जोडण्याचा मोह टाळावा. फरक अधिक बोलका आहे. डिस्नेलँड एका माणसाच्या आठवणीतून आणि एका कंपनीच्या भांडवलातून झाले. फुलराणी महापालिकेची होती, तिचे तिकीट शाळेच्या सहलीलाही परवडणारे होते, आणि तिला कोणत्याही हरवलेल्या गावाची आठवण काढायची नव्हती. मुलांना गाडीत बसवायचे, एवढाच तिचा हेतू.

या 'एवढ्याच' हेतूचा अर्थ शिरूरच्या मुलांना विचारावा. पुणे-नगर रस्त्यावरच्या शिरूर तालुक्यातून आजही रेल्वे जात नाही. १९६८ मध्ये आत्याच्या शाळेची सहल पुण्यास गेली : शनिवारवाडा, पर्वती, पेशवे पार्क. आत्याच्या आयुष्यातील पहिली आगगाडी म्हणजे फुलराणी. खरी गाडी तिने पाहिली ती लग्नानंतर, आणि ती फुलराणीच्या मानाने फारच मोठी आणि काळीकुट्ट निघाली, अशी तिची तक्रार आहे. त्याच वयात माझी आई दौंडच्या पुलावर उभी राहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या मोजत असे, आणि बारामतीला तेव्हा जाणारी अरुंद मापाची गाडी तिच्या रोजच्या पाहण्यातली होती. तिला फुलराणी दाखवली तेव्हा ती म्हणाली होती, 'ही तर बारामतीची गाडी, धुऊन काढलेली.' भीमेच्या दोन बाजूंचे हे दोन शेजारी तालुके. एकच खेळणे एकीला जगातली पहिली आगगाडी वाटली आणि दुसरीला घरच्या गाडीची नक्कल. आमच्या घरात यावरून अजूनही टोमणे चालतात.

आणि आता आत्याचा प्रश्न : रहाटपाळणा कुठंय?

शब्द नीट पाहावा. रहाट म्हणजे विहिरीतून पाणी वर आणणारे चाक. संस्कृत 'अरघट्ट' हे त्याचे मूळ. घाटावर पाणी उपसण्यासाठी मोट चाले, रहाट कोकणात अधिक, तरी घाटावरच्या भाषेने जत्रेतील या चाकाला रहाटाचेच नाव दिले : गाडग्यांच्या जागी पाळणे, पाळण्यांत पोरे. आज 'आकाशपाळणा' हा शब्द अधिक ऐकू येतो, पण जुना शब्द यंत्राची वंशावळ सांगतो. इंग्रजीत या चाकाला फेरिस यांचे नाव आहे, कारण १८९३च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी २६४ फूट उंचीचे पोलादी चाक उभारले. परंतु पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६१५ मध्येच कॉन्स्टँटिनोपलच्या उत्सवात अशा चाकात बसला होता. हाच प्रवासी पुढे १६२३ मध्ये सुरतेस उतरला आणि गोव्यासही जाऊन आला. शिकागोच्या पावणेतीनशे वर्षे आधीची ही नोंद आहे.

आत्याच्या लहानपणीचा रहाटपाळणा लाकडी होता. चार पाळणे, दोन माणसे हाताने ढकलणारी. पुढे मोठी लोखंडी चाके आली. त्यांना गती देण्यासाठी काही ठिकाणी माणसेच आऱ्यांवर चढून आपल्या वजनाने चाक फिरवीत. मग डिझेल इंजिने आली. कवठे येमाईच्या यात्रेत उंच चाकावरून खाली पाहिले तेव्हा सगळा गाव दिव्यांच्या माळेसारखा दिसला आणि आपले घर ओळखता आले नाही म्हणून रडू आले, असे ती सांगते.

त्याच माळावर 'मौत का कुआँ'. लाकडी फळ्यांची गोल विहीर, तिच्या उभ्या भिंतीवर फिरणारी मोटारसायकल, वरून वाकून पाहणारी माणसे, आणि चालकाने धावत्या गाडीवरून हातातली नोट अलगद खेचून घेणे. हे यंत्र आपल्या मातीतले वाटते, पण त्याचा पूर्वज १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील लूना पार्कमध्ये होता. लूना पार्क आगींनंतर १९४०च्या दशकात संपले. अमेरिकेत आज त्याची पत्रे आणि छायाचित्रे लिलावात विकली जातात, त्यावर जाड ग्रंथ निघतात. आणि त्या उद्यानातील एक खेळ, नटबोल्टने जोडलेला, दोन मालमोटारींवर लादलेला, शिरूर तालुक्यात चैत्रात येतो. आम्ही तो पाहून भेळ खातो आणि घरी येऊन समाजमाध्यमांवर जुन्या उद्यानांच्या चित्रांखाली अश्रू ढाळतो. हे लिहिताना मी स्वतःलाही वगळत नाही. कोनी आयलंडवरचे ग्रंथ मी आधी वाचले आणि यात्रेतल्या विहिरीकडे 'अभ्यासाचा विषय' म्हणून नंतर पाहिले.

कवठे येमाईचेच उदाहरण घेऊ. या गावाचे नाव तमाशाच्या इतिहासात पक्के आहे. बशीर मोमीन कवठेकर यांनी लिहिलेल्या लावण्या आणि वगांमुळे ते महाराष्ट्रभर गेले. त्याच यात्रेत, त्याच माळावर, पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या रहाटपाळण्याचा मालक कोण होता, चाक कोठे घडले, ते कोणत्या गावांवरून फिरत आले, याची दखल कोणत्याही पुस्तकात नाही. लावणीला कवी असतो. पाळण्याला कोण असतो? फिरत्या सिनेमाचे नशीब त्या मानाने बरे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या तंबूंमागे वर्षानुवर्षे हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला आणि २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. फितीचा प्रक्षेपक जाऊन डिजिटल आला, तेव्हा तंबूवाल्यांचे काय झाले, ते त्यात आहे.

पाळणेवाल्यांचा माग काढण्याचा एक मार्ग मात्र आहे आणि तो अगदी रुक्ष आहे : करमणूक कर. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम १९२३चा. तंबूतल्या प्रत्येक तिकिटामागे सरकारचा वाटा असे, म्हणून खेळ, दिवस, गाव आणि वसुली यांची कागदोपत्री नोंद ठेवली जाई. यात्रेत कोण आले आणि किती दिवस राहिले, हे सांगणारा याहून भरवशाचा साक्षीदार मला सुचत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि तो जुना कर त्यात विरघळला. जो कर वसूलच होत नाही, त्याच्या नोंदवह्या कपाटात कशासाठी ठेवायच्या, असा प्रश्न कोणत्याही कचेरीला पडू शकतो. मी एका कचेरीत चौकशी केली तेव्हा लिपिकाने भल्या मनाने विचारले, 'पण पाळण्याचा इतिहास कशाला हवाय तुम्हाला?' त्यांनी चहा पाजला. वह्या दाखवण्यासाठी पुढच्या महिन्यात बोलावले आहे.

मामेबहिणीच्या हळहळीला मी खोटी म्हणणार नाही. रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या घरी, चपला बाहेर काढून, जमिनीवर मांडी घालून तिने मोगली पाहिला. तो जपानी होता म्हणून त्या सकाळी खोट्या ठरत नाहीत. शेजाऱ्यांचे ते घर, ॲन्टेना फिरवायला गच्चीवर चढलेला त्यांचा मुलगा आणि 'आलं का? आलं का?' ही हाक, हे खरे तर तिच्या चित्रात हवे होते. पण त्याचे तयार चित्र महाजालावर मिळत नाही, किल्ल्याचे मिळते. उसने बालपण म्हणतो ते एवढ्याच अर्थाने : भावना घरची, चित्र मागून आणलेले.

परवा आत्याने समूहावर एक छायाचित्र टाकले. कृष्णधवल, कडा खाल्लेल्या, यात्रेतल्या फोटोवाल्याने काढलेले. मागे रंगवलेला पडदा, पुढे पुठ्ठ्याची मोटार, मोटारीत आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघींचे चेहरे पोलीस चौकीत बसल्यासारखे. उजव्या कोपऱ्यात, पडदा जेथे संपतो तेथे, एका लाकडी चाकाचा आरा आणि अर्धा पाळणा दिसतो. फोटोवाल्याला तो नको होता. चुकून आला आहे.

वाचकांपैकी ज्यांची घरे शिरूर, दौंड, श्रीगोंदा, पारनेर या पट्ट्यात आहेत, त्यांनी आपापल्या जुन्या पेट्या उघडून यात्रेतली छायाचित्रे पाहावीत, माणसांच्या मागे काय आले आहे ते पाहावे, आणि पाळणा, तंबू, विहीर यांपैकी काही दिसल्यास गाव आणि अंदाजे साल लिहून खाली पाठवावे. फिरत्या सिनेमाचे तिकीट कोणाकडे असेल तर दोन्ही बाजूंचे छायाचित्र हवे. कराचा शिक्का बहुधा मागे असतो.